सवयींचा फेरफार कोण नोंदवणार?

आपल्या जिल्ह्यात बदल्यांचा हंगाम पावसाळ्यासारखाच ठरलेला असतो. मोताळ्याचा लिपिक सिंदखेडराजास जातो, लोणारचे गुरुजी जळगाव जामोदला पाठविले जातात, आणि बुलढाण्याच्या १३ तालुक्यांतून कागदांची एक मोठी मिरवणूक निघते. सेवापुस्तक निघते, मागोमाग अंतिम वेतन प्रमाणपत्र निघते, शिल्लक रजेचा हिशेब निघतो; सारे काही सही-शिक्क्यानिशी नव्या कचेरीत जाऊन पोचते. मुलाने शाळा बदलली तर त्याला दाखला मिळतो. जमिनीने धनी बदलला तर तलाठी गाव नमुना ६ मध्ये फेरफार धरतो. नोंदींचा एवढा काटेकोर संसार ज्या व्यवस्थेने उभारला, तिला एका गोष्टीची मात्र दखल घ्यावीशी आजवर वाटलेली नाही. त्या लिपिकाने पाच-सहा वर्षे ज्या संगणकावर काम केले, त्या संगणकातील आपल्या खात्यात त्याने हाताची, डोळ्यांची आणि भाषेची जी घडी बसविली, ती त्याच्याबरोबर जात नाही. दुसऱ्या तालुक्यास जात नाही हे एक वेळ समजू शकते. ती शेजारच्या टेबलावर जात नाही! इतकेच काय, त्याच यंत्रावर त्याच माणसाच्या नावाने दुसरे खाते उघडले, तरी जुन्या खात्यातून नव्यात ती येत नाही. एकाच वाड्यातल्या दोन खोल्या, पण मधल्या भिंतीला दार ठेवलेले नाही.

हा प्रश्न क्षुल्लक आहे असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे समाधान करण्यापूर्वी, ज्या वाचकांचा संगणकाशी नित्याचा संबंध नाही त्यांच्यासाठी ही 'घडी' म्हणजे काय ते सांगितले पाहिजे.

विंडोज नावाची जी कार्यप्रणाली आपल्याकडील बहुतेक कचेऱ्यांत आणि शाळांत नांदते, तिच्यात प्रत्येक वापरकर्त्याला एक घर दिलेले असते. घराच्या ओसरीवर पत्रे, तक्ते, छायाचित्रे मांडलेली दिसतात. खरा संसार माजघरात असतो. तेथे 'ॲपडेटा' नावाची एक पेटी आहे, ती सहसा डोळ्यांना दिसू नये अशीच ठेवलेली. आणि 'एनटीयूजर डॅट' नावाची एक वही आहे, ती उघडून वाचता येत नाही. कोणता कळफलक हवा, अंक देवनागरी हवे की इंग्रजी, पडद्यावरील अक्षर केवढे असावे, बाण केवढा असावा, कोणत्या हाताने माउस धरावयाचा, अशा शेकडो नोंदी त्या वहीत असतात. पेटीत आणखी मौल्यवान जिन्नस आहेत. 'वर्ड' या लेखनाच्या आज्ञावलीला आपण जे शब्द शिकविले ते 'कस्टम डिक' या फायलीत साठतात. आपण चार अक्षरे टंकावी आणि तिने आपोआप पूर्ण शब्द लिहावा, अशी जी यादी आपण बनविली, ती 'एसीएल' शेपटीच्या फायलीत राहते. तिच्या नावात भाषेचा क्रमांक असतो, इंग्रजीचा १०३३ आणि मराठीचा ११०२. हे क्रमांक मी मुद्दाम देतो आहे. ज्यांच्या जिवावर रोजचे काम चालते त्या गोष्टी कोठे पुरून ठेवल्या आहेत, हे कोणत्याही कचेरीच्या भिंतीवर लिहिलेले मी पाहिले नाही.

इंग्रजीत काम करणाऱ्याचे या घडीवाचून फारसे अडत नाही. त्याचा कळफलक जन्मतःच यंत्रात बसलेला; नवे खाते उघडले की तो लिहू लागतो. मराठी माणसाची कहाणी निराळी आहे. ज्यांनी खामगाव-चिखलीच्या टंकलेखनाच्या वर्गांत मिनिटास ३० शब्दांची परीक्षा दिली, त्यांच्या बोटांत रेमिंग्टनची मांडणी मुरलेली. ज्यांनी पुढे शिक्षण घेतले त्यांना इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ठरविलेली मांडणी, हाताशी आली. आणि आजची मुले इंग्रजी स्पेलिंगावरून मराठी उमटविणाऱ्या कळफलकावर वाढली. तसा मराठी कळफलक खुद्द विंडोजमध्ये २०१९ साली आला. तीन पिढ्या, तीन हात. टंकयंत्रावर शिकलेला माणूस ऱ्हस्व वेलांटी आधी मारतो आणि अक्षर मागून. इन्स्क्रिप्टवाला अक्षर आधी मारतो आणि वेलांटी मागून. एकाच्या खात्यावर दुसऱ्याला बसविले तर 'किनगाव' लिहिताना पहिल्याच अक्षराला ठेच लागते. वऱ्हाडातील 'ऱ्हा' घ्या. रफार आणि हा अर्धा र यांतला भेद ज्याला आपल्या कळफलकावर साधला, त्याने तो बहुधा कोणाला तरी चार वेळा विचारून साधलेला असतो. त्यात रेमिंग्टनची मांडणी विंडोजबरोबर येत नाही, बाहेरची आज्ञावली बसवून तिची जुळणी करावी लागते. ही सारी जुळणी खाते बदलले की कोरी! मराठीत लिहिणाऱ्यालाच हा दंड पडतो, आणि तो तो मुकाट्याने भरतो.

एका संस्थेतील गोष्ट सांगतो. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे एक बाई टंकलेखनाचे काम करीत. जिल्ह्यातील गावांच्या याद्या, निमंत्रणे, अहवाल, सारे त्यांच्या हातून जाई. यंत्राला आपली गावे ठाऊक नसतात. साखरखेर्डा लिहिले की ते खाली तांबडी रेघ ओढते, जणू साखरखेर्डा ही बाईंची चूक आहे. बाईंनी चार वर्षांत त्याला एकेक गाव शिकविले. अमडापूर, जानेफळ, डोणगाव, पिंपळगाव सराई, वरवट बकाल, बावनबीर, टुनकी, किनगाव जट्टू. 'किज' टंकले की 'किनगाव जट्टू' उमटे. माझ्या मजकुरातली गावांची नावे मी त्यांच्याकडून तपासून घेत असे, कारण त्यांच्या यादीइतकी नेमकी यादी मला दुसरीकडे मिळत नसे. एके दिवशी यंत्र मंद चालते म्हणून दुरुस्तीस माणूस बोलावला. त्याने जुने खाते काढून टाकले आणि नवे उघडून दिले.

"ताई, मशीन आता एकदम स्वच्छ झाली."

"आणि माझे शब्द?"

"कुठले शब्द? तुमच्या फायली तर सगळ्या ठेवल्यात ना!"

त्या मुलाचा दोष मी मानीत नाही. त्याला जे शिकविले तेच तो बोलला. फायली म्हणजे मिळकत आणि सवयी म्हणजे केर, ही समजूत त्याने निर्माण केलेली नाही. ती यंत्राच्या रचनेतच घातलेली आहे, आणि ती घालणाऱ्यांशी माझे भांडण आहे.

कारण हे काम अशक्य आहे असे कोणी सांगू लागले तर ते खरे नाही. मायक्रोसॉफ्टने २००१ साली विंडोज एक्सपी आणली तेव्हा तिच्यात फायली आणि सेटिंग्ज हलविण्याची एक सोय होती. एकामागून एक प्रश्न विचारीत ती सामान्य माणसाचेही बोट धरून नेई. २००७ च्या व्हिस्टामध्ये आणि २००९ च्या विंडोज ७ मध्ये तीच 'ईझी ट्रान्सफर' या नावाने अधिक सुधारून आली. कोणाचे खाते न्यावयाचे, त्यातले काय न्यावयाचे, कोणत्या नव्या खात्यात उतरवावयाचे, हे निवडता येई. २०१५ साली विंडोज १० आली आणि ही सोय नाहीशी झाली. कंपनीने लोकांना दुसऱ्या एका कंपनीच्या आज्ञावलीकडे बोट दाखविले. खात्यांच्या यादीशेजारी 'येथे उतरवा' अशा अर्थाचे एक बटण असते, तेसुद्धा विंडोज ७ पासून मूळच्या कोऱ्या नमुन्याखेरीज कोणत्याही खात्यापुढे राखाडी होऊन बसते. बटण आहे, दिसते, दबत नाही. सरकारी खिडकीवर 'चौकशी' अशी पाटी असावी आणि आत कोणी नसावे, तसा हा प्रकार!

कंपनीचे म्हणणे असे की, एका खात्याची वही जशीच्या तशी दुसऱ्यात उतरविली तर काही नोंदी जुन्या नावाला चिकटलेल्या राहतात आणि नवे खाते बिघडते. हे खरे आहे. मी ते नाकारीत नाही. पण वही लिहिली कोणी? माणसाची सवय आणि यंत्राची खूणगाठ एकाच पानावर खिचडी करून ठेवली ती वापरणाऱ्याने नव्हे. शिवाय ज्याला निवडून घ्यावयाचे त्याला ती निवडता येतात याचा पुरावा कंपनीनेच ठेवला आहे. मोठमोठ्या कचेऱ्यांच्या यंत्रपालांसाठी तिचेच एक साधन आहे. ते एका आज्ञेने खात्यातील जिन्नस गोळा करते आणि दुसऱ्या आज्ञेने नव्या ठिकाणी मांडते. म्हणजे विद्या आहे. सामान्यांसाठी मांडलेली खिडकी तेवढी बंद केली आहे.

तिच्या जागी जी वाट दाखविली जाते ती कंपनीच्या अंगणातून जाते. कंपनीकडे आपले खाते उघडा, आपल्या आवडी-निवडी तिच्या दूरच्या गोदामात ठेवा, आणि नव्या यंत्रावर त्याच नावाने प्रवेश करा. मग त्यांतल्या काही तुमच्या मागोमाग येतील. ज्याला हे पटते त्याने खुशाल करावे. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाने शाळेच्या यंत्रावर आपले खाजगी खाते का म्हणून उघडावे? आणि एकाच पेटाऱ्यातल्या या कप्प्यातून त्या कप्प्यात शब्दांची एक यादी नेण्यासाठी ती आधी सातासमुद्रापार का पाठवावी? खामगावच्या कापसाची गोष्ट आठवते. भुसावळ-नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा गेला आणि वऱ्हाडातली एवढी मोठी कापसाची पेठ बाजूला राहिली. १८७० साली जलंब ते खामगाव असा सुमारे १३ किलोमीटरांचा फाटा टाकला तेव्हा ती पेठ मुख्य मार्गाला जोडली गेली. परकी सरकारलासुद्धा एवढे कळले की, पेठेतला माल स्टेशनापर्यंत नेण्यासाठी पेठेलाच स्टेशनावर जाऊन राहा असे सांगता येत नाही.

आता आक्षेपकांकडे वळू. पहिला म्हणतो, "दहा मिनिटांचे काम! हवे तसे पुन्हा बसवून घ्यावे." ज्याने हे दहा मिनिटांत केले तो बहुधा इंग्रजीत लिहिणारा, तरुण आणि धडधाकट डोळ्यांचा असतो. निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या, मोतीबिंदू झालेल्या मुख्याध्यापकांना विचारा. अक्षर मोठे करावयाचे बटण शोधावयाचे, तर ते बटण ज्या बारीक अक्षरांत लिहिले आहे तेच त्यांना वाचता येत नाही. एका हाताने काम करणाऱ्यासाठी, दोन कळा एकदम न दाबता एकामागून एक दाबण्याची सोय यंत्रात आहे. ती चालू केलेली नसेल तर तो चालू करण्यापर्यंत पोचणार कसा? बाईंच्या चार वर्षांच्या यादीला तर दहा मिनिटे म्हणणे ही शुद्ध थट्टा आहे.

दुसरा अधिक वजनदार आवाजात बोलतो. यंत्र कचेरीचे, खाते कचेरीचे, तेव्हा सर्वांची मांडणी एकसारखी असावी. व्यक्तीच्या लहरी कशाला जपावयाच्या? या गृहस्थांनी एकदा आमच्याकडच्या वावरात यावे. कापूस वेचणारी बाई परक्याच्या वावरात जाते. पीक परक्याचे, कापूस परक्याचा. पण ओटी ती आपल्या हाताने, आपल्या कमरेच्या मापाने बांधते, आणि कोणताही शेतमालक सगळ्या बायांच्या ओट्या एका मापाच्या करा म्हणून आग्रह धरीत नाही. धरला तर संध्याकाळी तोलात त्याचेच नुकसान होईल.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो मी आदराने ऐकतो. खाते उचलून दुसऱ्यात ओतले तर परवलीचे शब्द, खाजगी पत्रव्यवहार, न पाहावयाचे असे काही दुसऱ्याच्या हाती जाईल. परवलीचे शब्द खुशाल कुलुपात राहोत. विंडोज ते कुलूप माणसाच्या खात्याशीच बांधते, नुसती फाईल उचलून ते उघडत नाही, आणि ते योग्यच आहे. पण बावनबीर आणि टुनकी ही गुपिते नव्हेत. वेलांटी आधी की मागून, हेही गुपित नव्हे. तिजोरीला कुलूप लावावयाचे म्हणून देवघरही बंद करा, हा कोठला न्याय?

उलट माझे तर म्हणणे असे आहे की, ही सोय नसल्यानेच सुरक्षितता बुडाली आहे. कितीतरी शाळांत आणि ग्रामपंचायतींत पाहा: एकच खाते, त्याचे नाव 'ॲडमिन', आणि परवलीचा शब्द पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर चिकटविलेला. तीन माणसे त्याच खात्यात शिरतात. याला आपण अडाणीपणा म्हणतो. अडाणीपणा नाही तो, हिशेब आहे. त्या एका खात्यात कोणीतरी कधीतरी मराठीची घडी बसवून ठेवली आहे. वेगळे खाते काढावे तर ती घडी मिळत नाही. नव्या खात्यांसाठी एक अर्धीमुर्धी सोय विंडोजमध्ये आहे खरी. प्रदेश आणि भाषा यांच्या आतल्या पानावर एक बटण आहे, ते दाबले असता चालू खात्यातील भाषा, कळफलक आणि अंकांची रीत यापुढे उघडावयाच्या खात्यांना मिळते. ज्याला यंत्राचे अधिकार आहेत त्याने पाच क्षणांत करावे असे ते काम आहे, आणि दर नव्या यंत्रावर ते करावयास हवे. पण आधीच उघडलेल्या खात्यांना त्याचा उपयोग नाही, आणि शिकविलेल्या शब्दांना तर ते शिवतही नाही.

जगात सगळीकडेच असे आहे काय? नाही. युनिक्सच्या वंशातल्या प्रणालींत, म्हणजे लिनक्समध्ये, माणसाच्या बहुतेक सवयी त्याच्या घरात साध्या, वाचता येणाऱ्या फायलींत असतात. नावाच्या आधी एक टिंब, एवढाच पडदा. त्या उचलाव्या, नव्या घरात ठेवाव्या, मालकीचे नाव बदलावे, झाले. केरळने आपल्या सरकारी शाळांतून लिनक्स चालविली आणि ती वर्षानुवर्षे चालली. सी-डॅक संस्थेनेही 'बॉस' या नावाची भारतीय भाषांची लिनक्स केली होती. तिचे आमच्या जिल्ह्यात किती स्वागत झाले ते मी लिहीत नाही, वाचक जाणतात. अंधांसाठी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारी 'एनव्हीडीए' नावाची फुकट आज्ञावली २००६ मध्ये मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने लिहावयास घेतली. ती आपल्या सगळ्या सवयींसह पेनड्राइव्हवर भरून घेता येते. दुसऱ्याच्या यंत्राला तो लावला की आपला आवाज, आपली गती, आपल्या खुणा तेथे हजर. आणि ही आज्ञावली चालते विंडोजवरच! ज्याला स्वतःला गरज होती त्याने वाट काढली. ज्यांना गरज नव्हती त्यांनी असलेली वाट बुजविली.

कायद्याचे दार ठोठवावे म्हटले तर तेथेही एक गंमत आहे. युरोपात २५ मे २०१८ पासून माणसाला आपली माहिती एका सेवेकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क मिळाला. आपल्याकडे न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये केलेल्या मसुद्यात तो हक्क होता, २०१९ च्या विधेयकातही होता. २०२३ साली कायदा झाला तेव्हा तो गळाला होता. मोबाइलचा क्रमांक मात्र २० जानेवारी २०११ पासून देशभर कोणीही कंपनी बदलून आपल्याबरोबर नेऊ शकतो. त्या वेळी कंपन्या काय काय अडचणी सांगत होत्या, ते आठवून पाहावे. दहा आकडे नेता येतात. चारशे शब्द नेता येत नाहीत! तो युरोपचा हक्कसुद्धा एका खोलीतल्या दोन खात्यांना लागू पडेल की नाही, याविषयी वकील वाद घालतील, घालोत बापडे.

हे सगळे आजच का लिहावयाचे? कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार कंपनीने काढून घेतला, आणि जी यंत्रे नव्या प्रणालीस पात्र नाहीत ती भंगारात काढण्याचा वेग वाढणार आहे. प्रत्येक यंत्राबरोबर कोणाची तरी यादी जाईल. कंपनी आपले बटण उद्या जिवंत करील या आशेवर बसण्यात अर्थ नाही. आपल्या हातात जे आहे ते तर करू. बदलीच्या आदेशाखाली कार्यभार सोपविण्याची जी यादी असते, तीत कपाटाच्या किल्ल्या आणि खुर्च्यांची संख्या लिहितात. तीत आणखी एक ओळ घालावी: कळफलकाची मांडणी, अक्षराचा आकार, शिकविलेल्या शब्दांची फाईल आणि आपोआप दुरुस्तीची यादी कर्मचाऱ्यास दिली. खाते पुसण्यापूर्वी त्या माणसाची सही घ्यावी. जिल्ह्याच्या ठिकाणी यंत्रे सांभाळणारे जे कोणी आहेत त्यांच्याकडे कंपनीचे ते बड्यांचे साधन फुकट उपलब्ध आहे, त्यांनी ते वापरावयास शिकावे. आणि गावांच्या नावांची यादी तर एकट्या बाईंनी का राखावी? ती जिल्ह्याची एक असावी, साध्या फायलीत असावी, प्रत्येक नव्या खात्यात पहिल्या दिवशी घातलेली असावी. बाईंनी आपली यादी पुन्हा सुरू केली आहे. परवा विचारले तेव्हा त्या मेहकर तालुक्यापर्यंत आल्या होत्या.